शिक्का नसलेली पत्रे : सीमाभागातील नव्या मोबाइलधारकांसाठी मजकूर पारखण्याच्या पायऱ्या

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या तालुक्यांत आणि तिकडे बिदर-भालकीच्या बाजूला ज्यांच्या हाती गेल्या वर्षा-दोन वर्षांत पहिल्यांदाच स्मार्टफोन आला आहे, अशा मराठी वाचकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यांत शेतकरी आहेत, घर सांभाळणाऱ्या महिला आहेत, निवृत्त शिक्षकही आहेत. ही मंडळी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी आहेत. मात्र मोबाइलवर येणारा मजकूर कसा तपासावा, हे त्यांना कुणी शेजारी बसून शिकवलेले नाही. गावच्या वाचनालयात मी गेली काही वर्षे हे काम करतो, आणि तेथे जे प्रश्न वारंवार विचारले जातात त्यांच्या आधारानेच पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

सीमाभागातील वाचकाची अडचण थोडी निराळी आहे. पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या माणसाला बहुतेक निरोप एकाच राज्याचे येतात. आपले रेशन कार्ड आणि जमिनीचा उतारा कर्नाटकाचा, लेकी दिलेल्या चंदगड-गडहिंग्लजला, मुले नोकरीसाठी पुण्यात, आणि घरी येणारे वर्तमानपत्र मराठी. त्यामुळे दोन राज्यांच्या योजना, दोन सरकारांचे आदेश आणि तीन भाषांतील बातम्या आपल्या मोबाइलमध्ये एकाच गटात येऊन पडतात. एखादा संदेश शब्दशः खरा असतो आणि तरीही तो आपल्याला लागू नसतो, असे आपल्याकडे नेहमी घडते. म्हणून 'हे खरे की खोटे' असे विचारण्याआधी 'हे कुणाचे, कुठले आणि कधीचे' असे विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागते.

पूर्वी हा शिक्का कुठे असे

हे तीन प्रश्न नवे नाहीत. जुन्या काळी त्यांची उत्तरे साधनावरच लिहिलेली असत, एवढाच फरक आहे. पोस्टकार्डावर टपाल कार्यालयाचा गोल शिक्का असे आणि पत्र कोणत्या गावी, कोणत्या तारखेला टाकले हे त्यावरून कळे. तार करताना पाठवणाऱ्याला फॉर्मवर स्वतःचे नाव व पत्ता लिहून द्यावा लागे, आणि हाती पडणाऱ्या कागदावर ती कोणत्या तार कार्यालयातून केव्हा निघाली याची नोंद असे. १८५० साली आपल्या देशात प्रयोगादाखल सुरू झालेली ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि तार आल्याचे ऐकून ज्यांच्या काळजात धस्स झाले होते अशी माणसे आजही आपल्या घरांत आहेत.

छापील मजकुराचेही तसेच होते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले आणि कन्नडमधील पहिले वृत्तपत्र 'मंगळूर समाचार' १८४३ मध्ये मंगळुरात. पुढे १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक केले. आजही दैनिकाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ही ओळ असते. ती आपण कधी वाचत नाही, परंतु छापलेल्या शब्दाला कुणीतरी जबाबदार आहे हे तिच्यातूनच ठरते. रेडिओवर निवेदक आधी केंद्राचे नाव व वेळ सांगत आणि मग बातम्या लागत. आपल्या भागातील कितीतरी घरांत कन्नड कार्यक्रमांसाठी १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र आणि मराठीसाठी १९६३ चे सांगली केंद्र, अशी दोन्ही केंद्रे एकाच रेडिओवर काटा फिरवून ऐकली जात. दूरचित्रवाणी मुंबईत १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये आली, ती आपल्यापर्यंत पोहोचायला आणखी बराच काळ गेला.

देशातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेडोपाडी स्मार्टफोन पोहोचले. त्यांच्याबरोबर जी सोय आली तिचे मोल मी कमी लेखत नाही. परदेशी गेलेल्या नातवाचा चेहरा आजीला रोज पाहता येतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या प्रवासात एक गोष्ट गळून पडली. व्हॉट्सॲपवर संदेश पुढे पाठवला की तो मुळात कुणी लिहिला आणि कोणत्या दिवशी लिहिला हे पुढच्या माणसाला दिसत नाही. वर दिसते ते नाव आपल्या ओळखीच्या माणसाचे असते आणि वेळ आजची असते. कॅमेऱ्याने छायाचित्रासोबत साठवलेली तारीख व ठिकाण यांची माहितीसुद्धा असे छायाचित्र पाठवताना निघून जाते. थोडक्यात, आपल्या हाती रोज शिक्का पुसलेली पत्रे येत आहेत, आणि तो शिक्का शोधून परत लावण्याचे काम पूर्वी पोस्टमास्तर, तारमास्तर, छापखान्यातील खिळे जुळवणारे जुळारी, उपसंपादक आणि निवेदक मिळून करत असत ते आता वाचणाऱ्याच्या अंगावर आले आहे.

पहिली पायरी : बाण पाहा आणि थांबा

संदेशाच्या वरच्या कोपऱ्यात लहान बाण असेल, तर तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, कुठून तरी आलेला पुढे ढकलला आहे. दोन बाण असतील, तर तो किमान पाच हातांतून फिरत आला आहे. असा दोन बाणांचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ही मर्यादा २०२० पासून आहे.

हे बाण का आले, हे आपल्या भागातील माणसाने विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या माणसांना ठार मारले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत आपल्याच सीमाभागातील बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातील मुर्की गावाजवळ, त्याच अफवेने आणखी एका तरुणाचा बळी घेतला. मुलांना चॉकलेट वाटणारा पाहुणा आणि मागून धावत आलेला व्हिडिओ, एवढेच निमित्त पुरले. बाणाची खूण आणि एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा त्याच महिन्यात आली. 'काळजी म्हणून पाठवले' असे म्हणून पुढे ढकललेल्या संदेशाचे एवढे वजन असू शकते. राग, भीती किंवा अतिशय आनंद वाटायला लावणारा संदेश आला की फोन खाली ठेवून दहा मिनिटे दुसरे काम करावे, असे मी सर्वांना सांगतो.

दुसरी पायरी : हे कोणत्या राज्याचे

आपल्यासाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत सोपी चाळणी हीच आहे. 'आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असा निरोप महावितरणच्या नावाने आला, तर आपल्या घरचे बिल काढून पाहावे. हुक्केरी तालुक्यातील ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा भाग सोडला, तर बेळगाव जिल्ह्याला वीज हेस्कॉम पुरवते. बिलावर तेच नाव असते. महावितरणशी आपल्या मीटरचा संबंधच नाही, तेव्हा पुढे काहीही तपासण्याची गरज उरत नाही. निरोप हेस्कॉमच्या नावाने आला असेल तर मात्र बिलावर छापलेल्या क्रमांकावर किंवा जवळच्या कार्यालयात विचारावे, संदेशात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये.

योजनांच्या बाबतीत जरा जास्त लक्ष द्यावे लागते. कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट २०२३ पासून कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये देण्यासाठी आहे. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैपासून १,५०० रुपयांच्या मासिक लाभाने सुरू झाली आणि ती महाराष्ट्रात रहिवास असलेल्या महिलांसाठी आहे. कोल्हापूरच्या बहिणीने प्रेमाने पाठवलेला अर्ज तिच्यासाठी खरा असतो. तोच भरून देतो म्हणून गावात कुणी दोनशे रुपये आणि आधार कार्डाची प्रत मागू लागला, तर तो आपली फसवणूक करत असतो. उलट 'महाराष्ट्राचे आपल्याला काहीच मिळत नाही' हा सरसकट समजही बरोबर नाही. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतला होता आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. म्हणजे राज्याचे नाव पाहून संदेश फेकून द्यायचा नाही. तो कुणाला लागू आहे ही ओळ त्यात शोधायची, आणि ती ओळच नसेल तर तो संदेश अपुरा समजायचा.

येथे एक गोष्ट लक्षात असू द्यावी. मोबाइल ज्या टॉवरचे सिग्नल जोरकस असेल त्याला जोडला जातो. हद्दीला लागून असलेल्या गावांत तो टॉवर पलीकडचा असू शकतो, आणि आपत्तीच्या वेळी टॉवरवरून थेट पाठवला जाणारा मोठ्या आवाजाचा इशारा शेजारच्या जिल्ह्यासाठीचाही असू शकतो. अशा वेळी घाबरण्याआधी इशाऱ्यातील जिल्ह्याचे नाव वाचावे.

तिसरी पायरी : हे कधीचे

माझ्याकडून झालेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात जांबोटी-कणकुंबीकडे पावसाची झड लागली होती. रात्री नऊच्या सुमारास एका गटात शाळांना सुट्टी दिल्याच्या आदेशाचे छायाचित्र आले. कागद कन्नडमध्ये होता, खाली सही-शिक्का होता आणि त्यात खानापूरचे नाव होते. मी तो पालकांच्या गटात पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी शाळा भरली, घटक चाचणीही झाली, आणि लांबच्या वाड्यांवरची बारा-तेरा मुले माझ्यावर विश्वास ठेवून घरी राहिली. आदेश खरा होता, परंतु आदल्या वर्षीचा होता. तारीख वरच्या कोपऱ्यात स्पष्ट होती. मी फक्त तालुक्याचे नाव पाहिले होते. त्या मुलांपैकी एकीचे वडील शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही पाठवलंय म्हणून आम्ही विचारलं नाही." तेव्हापासून तारीख पाहिल्याशिवाय मी कोणताही कागद पुढे पाठवत नाही.

कन्नड वाचता येत नाही म्हणून अनेक जण सरकारी कागद पाहायचाच सोडून देतात. हे टाळता येण्यासारखे आहे. अशा कागदांत तारीख व क्रमांक बहुधा आपल्या ओळखीच्या इंग्रजी आकड्यांतच असतात. आणि शब्दांचे म्हणाल तर घरातल्या कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलाला कागद मोठ्याने वाचायला सांगा, तुम्हाला आश्चर्य वाटेल एवढे शब्द ओळखीचे निघतील. 'दिनांक', 'विषय', 'उल्लेख', 'आदेश' हे शब्द तेथेही तेच आहेत. 'जिल्लाधिकारी' म्हणजे आपले जिल्हाधिकारी, 'रजे' म्हणजे रजा, आणि 'सुत्तोले' म्हणजे परिपत्रक. एवढ्या सहा-सात शब्दांच्या बळावर कागद कुणी, कधी, कोणत्या विषयावर काढला हे समजते. उरलेल्या मजकुरासाठी गूगल लेन्स उघडून कॅमेरा कागदावर धरला की मराठी अनुवाद पडद्यावर येतो. तो ओबडधोबड असतो आणि कधी कधी 'नाही' हा शब्दच गाळतो, म्हणून अनुवादावरून अंतिम निर्णय घेऊ नये. कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याला एकदा विचारावे. आपल्या गल्लीत असा शेजारी नाही असे सहसा होत नाही.

जमावबंदीचे आदेश, बससेवा बंद झाल्याच्या बातम्या आणि पुराचे व्हिडिओ ही दर वर्षी परत येणारी तीन प्रकारची सामग्री आहे. १ नोव्हेंबरच्या म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि बेळगावात विधिमंडळ अधिवेशन भरते त्या दिवसांत पहिल्या दोन प्रकारांचे जुने फोटो हमखास फिरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसवाहकाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणानंतर दोन्ही राज्यांमधील बससेवा खरोखरच काही काळ विस्कळीत झाली होती, त्यामुळे तेव्हाची दृश्ये अस्सल आहेत. परंतु तीच दृश्ये पुढे कुणी 'आत्ताची' म्हणून पाठवली, तर कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेला रुग्ण घरीच थांबतो. प्रवासाचा प्रश्न असेल तेव्हा बसस्थानकाच्या चौकशी खिडकीशी बोलणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

चौथी पायरी : छायाचित्र आणि कात्रण

छायाचित्र तपासण्यासाठी ते मोबाइलमध्ये जतन करावे, गूगल लेन्समध्ये उघडावे आणि खाली येणारे सारखे फोटो पाहावेत. तोच फोटो तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत दिसला, तर प्रश्न तेथेच मिटतो. व्हिडिओ असेल तर तो मध्येच थांबवून पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि तेच शोधावे. शोधायला सुरुवात करण्याआधी डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा टिपाव्यात. दुकानाच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, वाहनांच्या क्रमांकाची सुरुवात कोणत्या राज्याच्या अक्षरांनी होते, बसचा रंग कोणता आहे, माणसे काय बोलत आहेत? बेळगावच्या म्हणून सांगितलेल्या व्हिडिओत एकही कन्नड पाटी नसेल, तर तो बेळगावचा असण्याची शक्यता कमी आहे, हे येथे राहणाऱ्याला समजावून सांगावे लागू नये.

वर्तमानपत्राच्या बनावट कात्रणांबद्दल मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण आपल्या लोकांचा छापील अक्षरावर गाढ विश्वास आहे आणि फसवणारे त्याचाच फायदा घेतात. कात्रणातील 'ल' आणि 'श' ही दोन अक्षरे बारकाईने पाहा. पुष्कळ मराठी दैनिके या अक्षरांची खास मराठी वळणे वापरतात. पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श' आपण शाळेत गिरवलेला आहे. घाईने मोबाइलवर बनवलेल्या कात्रणांत बहुधा हिंदी वळणाचा 'ल' व 'श' येतो, कारण मोबाइलमधील अक्षरसंच तसाच असतो. हा काही पुरावा नव्हे, शंका घेण्यासारखी खूण आहे. पुढे पाहावे की बातमीला गावाचे नाव आणि बातमीदाराचा उल्लेख आहे का, कडेला शेजारच्या बातमीच्या ओळी दिसतात का, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका किती आहेत. शेवटची आणि पक्की तपासणी म्हणजे त्या दैनिकाच्या संकेतस्थळावर त्या तारखेची त्या आवृत्तीची ई-प्रत उघडणे. आवृत्ती हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बेळगाव आवृत्तीत आलेली बातमी कोल्हापूर आवृत्तीत नसू शकते, त्यामुळे एकीत सापडली नाही म्हणून लगेच खोटी ठरवू नये. वाचनालयात जुने अंक ठेवलेले असतात, आणि माझ्या अनुभवात हा मार्ग मोबाइलपेक्षा जलद ठरतो.

पाचवी पायरी : आकडा मांडून पाहा

पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांच्या काठची गावे मोबाइलकडे डोळे लावून बसतात. अशा वेळी समजा संदेश आला : 'कोयनेतून आज एका रात्रीत ५० टीएमसी पाणी सोडणार, नदीकाठ ताबडतोब रिकामा करा.' येथे चौथीपर्यंतचे गणित उपयोगी पडते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे विसर्ग एक लाख क्युसेक असला, तर चोवीस तासांत ८.६४ टीएमसी पाणी जाते. त्या हिशेबाने ५० टीएमसी जायला जवळजवळ सहा दिवस लागतील. कोयना धरणाची पूर्ण साठवण १०५.२५ टीएमसी आहे. अर्धे धरण एका रात्रीत रिकामे करण्याची ही भाषा झाली. संदेश लिहिणाऱ्याने क्युसेक आणि टीएमसी यांची गल्लत केली आहे किंवा जाणूनबुजून घाबरवले आहे.

आणखी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे हे पाणी आपल्या नदीला येते का. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी सांगलीवरून आपल्या जिल्ह्याच्या कृष्णाकाठी येते, म्हणून चिकोडी-कागवाडच्या नदीकाठाने त्याची दखल घेतलीच पाहिजे. मलप्रभा मात्र खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते; तिच्या काठच्या माणसाने कोयनेच्या आकड्याने झोप घालवण्याचे कारण नाही. त्याने कणकुंबीचा पाऊस पाहावा. घटप्रभेच्या काठच्या गावांनी हिडकल धरणाच्या विसर्गाची चौकशी करावी, आणि ते धरण कर्नाटकाच्या ताब्यात असल्याने त्याची माहितीही इकडच्या कार्यालयांतूनच मिळेल. अर्थात गावात दवंडी फिरली, ग्रामपंचायतीने किंवा पोलिसांनी स्थलांतर करायला सांगितले, तर गणित करत बसू नये. जनावरांची दावी सोडून आधी निघावे.

सहावी पायरी : मूळ जागी जाऊन पाहा

सीमाप्रश्नाचा निकाल लागल्याचे, उद्या लागणार असल्याचे किंवा अमुक गावे तमुक राज्याला दिल्याचे संदेश आपण कितीदा वाचले असतील, याची मोजदाद नाही. हा आपल्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून तीन पिढ्या या प्रश्नाबरोबर वाढल्या. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो मान्य केला नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच अशा संदेशाने आपले मन लगेच हलते, आणि माझेही हलते. जो संदेश वाचून आपल्याला हवेहवेसे वाटते तोच मी आता जास्त कसून तपासतो.

महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा क्रमांक 'ओरिजिनल सूट ४/२००४' आहे. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर 'केस स्टेटस' नावाचा भाग आहे. तेथे दाव्याच्या प्रकारात ओरिजिनल सूट निवडावा, क्रमांक ४ आणि वर्ष २००४ भरावे, खाली दिसणारी लहान आकडेमोड सोडवून उत्तर लिहावे आणि शोधाचे बटण दाबावे. दावा शेवटचा कधी सुनावणीला आला, पुढची तारीख आहे का आणि न्यायालयाने काय आदेश दिले, हे तेथे पाहता येते. पान इंग्रजीत आहे, परंतु तारखा वाचण्यापुरते इंग्रजी आपल्या घरात कुणाला तरी येतेच. एक भेद मात्र समजून घ्यावा लागतो : सुनावणीची तारीख लागणे, एखाद्या अर्जावर आदेश होणे आणि दाव्याचा निकाल लागणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि फिरणारे संदेश पहिल्या दोन्हींना 'निकाल' म्हणून मोकळे होतात.

जमिनीबद्दलच्या अफवांनाही हीच रीत लागू पडते. 'तुमच्या सर्व्हे नंबरवर अमुक शेरा पडला' असे कुणी म्हणाले, तर कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या संकेतस्थळावर आपला उतारा पाहता येतो. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचे व्हायरल दावे 'पीआयबी फॅक्ट चेक' या पत्र सूचना कार्यालयाच्या विभागाकडून तपासले जातात. हा विभाग २०१९ पासून आहे. मात्र तो केंद्र सरकारविषयीच्या मजकुरापुरता आहे आणि सरकारचाच आहे, हे लक्षात ठेवून त्याचा उपयोग करावा.

वादाच्या घटनेची बातमी असेल तेव्हा मी एक मराठी आणि एक कन्नड वर्तमानपत्र शेजारी शेजारी ठेवतो. दोन्हींत समान असलेल्या गोष्टी, म्हणजे ठिकाण, वेळ, जखमींची संख्या, पोलिसांनी कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदवला, या बहुधा पक्क्या असतात. जेथे दोन्ही वेगळे बोलू लागतात तेथे कुणाची बाजू कुणी विचारली आणि कुणाची विचारलीच नाही, हे पाहावे. आपल्या भाषेतील वर्तमानपत्रावरचे प्रेम यामुळे कमी होत नाही. दोन्ही भाषा कानावर पडतच वाढलेल्या सीमाभागातील वाचकाला ही तुलना करणे इतर कुणापेक्षाही सोपे आहे, आणि ही आपली जमेची बाजू आपण वापरत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

सातवी पायरी : पैसे किंवा ओळखीचा आवाज

येथे तपासत बसू नये, सरळ नकार द्यावा. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कोणताही पोलीस अधिकारी वा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि सुटकेसाठी खात्यावर पैसे मागत नाही. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा शेतकरी सन्मान निधीची यादी म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतील, तर ती उघडू नये. ते कागदपत्र नसून मोबाइलमध्ये शिरणारे ॲप असते. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही.

आता यंत्राच्या साहाय्याने कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. पुण्यातल्या मुलाच्या आवाजात रडत फोन आला आणि ताबडतोब पैसे मागितले, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा. घरातल्या चौघांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, जो गटात कधी लिहायचा नाही. आमच्या घरी तो विकून टाकलेल्या एका म्हशीचे नाव आहे. पैसे गेलेच, तर लाज वाटून गप्प बसू नये. १९३० हा देशभरचा मदत क्रमांक लगेच लावावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. त्यानंतर आपल्या बँकेत आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

आठवी पायरी : चूक दुरुस्त करणे

चुकीचा संदेश आपल्या हातून गेला असेल, तर सुमारे अडीच दिवसांपर्यंत तो 'सर्वांसाठी हटवा' हा पर्याय वापरून काढता येतो. नुसते हटवणे पुरेसे नाही, कारण तोपर्यंत तो दहा जणांनी वाचलेला असतो. त्याच गटात, त्याच ठळकपणे, काय चुकले आणि बरोबर माहिती कोठे मिळाली हे लिहावे. मी त्या सुट्टीच्या आदेशाबद्दल गटात लिहिलेच, शिवाय त्या वाड्यांवर सायकलने जाऊन पालकांना भेटलो आणि शिक्षकांना विनंती करून मुलांची चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यायला लावली.

दुसऱ्याची चूक दाखवताना नाते सांभाळावे लागते. तात्यांनी किंवा मावशीने पाठवलेला संदेश चुकीचा निघाला, तर गटात चारचौघांसमोर 'फेक आहे' असे लिहून मोकळे होऊ नये. त्यांना स्वतंत्र फोन करावा आणि सांगावे, "तात्या, तो कागद गेल्या वर्षीचा आहे. वर उजव्या कोपऱ्यात दिनांक आहे बघा." मग तात्यांनाच गटात दुरुस्ती लिहू द्यावी. आमच्या वाचनालयातील एका आजोबांना मी असा फोन केला होता, आता गटात कोणताही सरकारी कागद आला की सर्वांत आधी त्यांचाच निरोप येतो, आणि त्यात एकच ओळ असते : "दिनांक बघितला काय?"